तळाला बोट लावू नये

गुलालाची अर्धी गोणी. झालरीसाठी आणलेली जांभळी मखमल. गेल्या विसर्जनाचं वाळलेलं मीठ. रघुवीर दळवीच्या उजव्या हाताचं बोट, लोखंडातून आरपार.

विसर्जनाच्या ट्रॉलीपाशी सापडलेल्या यांपैकी शेवटच्या बाबीवर लालबागच्या एका मंडळाने तातडीची सभा बोलावली.

या ट्रॉलीचं स्टिअरिंग दरवर्षी रघुवीरच धरायचा. पुढच्या चाकांजवळ खाली बसून, डोक्यावर अख्खा गणपती घेऊन. म्हणून यंदा त्याने ट्रॉलीखाली वाकून पाहिलं, आणि चेसिसमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात, बोट गेलं.

"गंज खरवडू, प्राइमर मारू, पुढचा सडलेला तुकडा बदलून वेल्डिंग करू," तो म्हणाला. "विसर्जनाला अजून वेळ आहे."

"रघू, तू बोट घालायच्या आधी तिथे भोक होतं का?" अध्यक्ष दौलतरावांनी विचारलं.

"दिसत नव्हतं."

"मग झालं तर! लिहून घ्या रे, भोक बोटामुळे पडलं."

"अहो दौलतराव, खाऱ्या पाण्यात घालतो आपण तिला. आल्यावर निदान गोड्या पाण्याने धुवा म्हणून दरवर्षी ओरडतो मी!"

"बाप्पाच्या अंगाला लागलेलं पाणी नळाखाली धुवायचं? कुठे फेडशील हे पाप?"

खरवडण्याची सूचनाही फेटाळली गेली. खरवडल्याने लोखंड कमी होतं, आणि लोखंड ही मंडळाची मालमत्ता. त्यामुळे गंजावरूनच सोनेरी रंग द्यायचं ठरलं. शिवाय 'तळाला बोट लावू नये' असा पत्र्याचा फलक. तो बसवायला चेसिसला चार भोकं पाडली. ती ड्रिलने पाडल्यामुळे नियमात बसली. वरून मखमली झालर आली आणि वाकून बघण्याचा प्रश्नच मिटला.

घरी बायकोने, नलूने, सगळं ऐकून घेतलं. "यंदा स्टिअरिंगवर दौलतभावजींनाच बसवा ना."

"त्यांची कंबर धरते म्हणे."

"हो का? नाक्यावर नाचताना बरी सुटते!"

विसर्जनाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच खालून कडकन आवाज झाला. ट्रॉली पुढे झुकली, मूर्ती वीतभर खाली आली.

"बाप्पाचा पाय निघत नाहीये हो!" दौलतरावांनी माइकवर हुंदका दिला. गर्दीने हात जोडले, मग ते सोडून मोबाइल वर केले.

"माझा पाय अडकलाय! जॅक आणा!" झालरीआडून रघुवीर ओरडला.

"रघू, जरा हळू. लाइव्ह चालू आहे."

जॅक आरतीनंतर आला. पाय वाचला, प्लास्टरवर निभावलं. पुढच्या वर्षी झालर थेट जमिनीपर्यंत शिवायचं एकमताने ठरलं.

हीच ट्रॉली पूर्वी नवी घेतली तेव्हा तिच्यासोबत गंजरोधक रंगाचे दोन डबे मिळाले होते. ते देणगीदारांच्या नावांच्या लोखंडी पाटीला लागले. त्या न गंजलेल्या पाटीवर वर्गणीदार म्हणून तुमचं-माझं, आपलंही नाव आहे.