पेटीच्या बदल्यात ड्रम

"त्या पेटीला हात लावू नगं पोरी. ती एकट्या म्हाताऱ्याची न्हाई, दोघांची हाय. ती हलली की दोन घरं हलतील."

अंजनाच्या सासूबाई दगडाबाई यांनी अंथरुणाला खिळल्यावर तिला हे बजावलं होतं. अंजना तेव्हा नवी नवरी होती, बी.कॉम. झालेली होती, आणि आजारी माणसाच्या बोलण्याला मान डोलवायची असते एवढं तिला कळत होतं. तिने मान डोलवली, औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि विषय संपवला. पुढे दगडाबाई गेल्या. पेटी मात्र पलंगाखाली होती तिथेच राहिली.

पेटीत रेल्वे होती. म्हणजे सासऱ्यांनी, आश्रुबांनी, आणि त्यांच्या मित्राने, मुंजाजीने, परळीच्या रुळांच्या कडेने आयुष्यभर गोळा केलेली रेल्वे. रेल्वेत नोकरी दोघांपैकी एकालाही नव्हती. आश्रुबा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते आणि मुंजाजी मेंढरं राखायचा. पण धुराचं इंजिन आलं की एक जण ऊस विसरायचा आणि दुसरा मेंढरं. त्या इंजिनांच्या नादात मुंजाजीची तीन कोकरं हरवली होती आणि आश्रुबांचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण मुलीकडचे पाहुणे घरी आले तेव्हा नवरदेव मालगाडीचे डबे मोजत बसला होता. पेटीत हिरव्या काचेचा कंदील होता, लांब चोचीची तेलाची कुप्पी होती, ब्रेकचा जाड ठोकळा होता, निवृत्त होताना एका गार्डने दिलेली पितळी शिट्टी होती. आणि फडक्यात गुंडाळलेला कोळशाचा एक खडा होता. शेवटचं धुराचं इंजिन परळीहून गेलं तेव्हा ड्रायव्हरने तो मुंजाजीच्या हातावर ठेवला होता. ज्या गावात वाळत घातलेल्या धोतरावरही कोळशाची राख बसते, त्या गावात कोळसा फडक्यात जपणारी माणसं ही दोनच.

त्या वर्षी पाऊस असा गेला की सगळ्यांनी त्याचं नाव घेणंच सोडलं. अंजनाचं माहेर सिरसाळ्याचं. तिथल्या बोअरला पाणी होतं, म्हणून ती रांगत्या तनूला घेऊन उन्हाळाभर तिकडे राहिली. मग बोअर आटला आणि त्याबरोबर माहेरपणही आटलं. परत आली त्याच दुपारी तिला दिसलं की तनू पलंगाखाली बसून पेटीतला एक गंजका बोल्ट गोड मानून चोखते आहे.

अंजना मुळातच काळजीची बाई. पाणी दोनदा उकळायची, तिसऱ्यांदा वास घ्यायची. गंज, धनुर्वात, सलाईन, तालुक्याचा दवाखाना, असं सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. नेमका त्याच वेळी गल्लीत भंगारवाला ओरडत आला आणि त्याच्या गाड्यावर निळा, नवाकोरा, झाकणाचा ड्रम होता. त्या उन्हाळ्यात परळीत ड्रमला सोन्याचा भाव होता.

"पैशानं न्हाई देत भाबी," तो म्हणाला. "लोखंड टाका, ड्रम न्या."

तिने पेटी ओढत दारात आणली. त्याने एक टोक उचललं आणि कंबर धरली. "काय हाय ह्यात? मालगाडी भरली का काय?"

"तसंच समजा," अंजना म्हणाली.

सासरे घरी नव्हते. नवरा बिभीषण औष्णिक केंद्रात कंत्राटावर होता, तो पाळीवर गेला होता. विचारायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायचंही नव्हतं.

उन्हं कलल्यावर आश्रुबा आले. हातातला रिकामा पांढरा कॅन कोपऱ्यात ठेवला, चप्पल काढली आणि सवयीने पलंगाखाली हात घातला. हात तसाच राहिला. मग त्यांनी ड्रमकडे पाहिलं. अंजनाने घाईघाईने बोल्ट, तनू, धनुर्वात, सगळं एका दमात सांगून टाकलं.

आश्रुबांनी ड्रमवर टिचकी मारली. "चांगला हाय," ते म्हणाले. "गळत न्हाई ना?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या छबुबाई पदर खोचत दारात आल्या.

"आश्रुबा, माझा कंदील द्या. लाईन लावायची येळ झाली."

"कंदील?" अंजनाने विचारलं.

"आगं, तू नव्हतीस न्हाई का." छबुबाई उंबऱ्यावर टेकल्या. "सोसायटीचा टँकर येतो. आदल्या सांजंला लिंबाखाली नंबर लावायचा. पयले आमी इटा ठेवायचो, चपला ठेवायचो. इटा सगळ्या सारख्या, चपला कुनी बी सरकवायचं. लई मारामाऱ्या! मंग तुझ्या सासऱ्यानं पेटी उघडली. घरटी एक वस्तू दिली. माझा कंदील, आप्पारावाची कुप्पी, तुमचा ठोकळा. कुनाची चूक न्हाई, कुनाचं भांडन न्हाई. टँकरवाला तर नावानं हाकच मारत न्हाई. 'ए कंदील, सरक फुडं' म्हनतो!"

"छबुबाई," आश्रुबा हळू म्हणाले, "कंदील गेला."

"कुठं गेलता?"

"भंगारात."

छबुबाई ड्रमकडे बघत राहिल्या. "अगं बया. मंग आता मी कोन?"

बिभीषण पाळीवरून आला तसा सायकल न ठेवताच भंगारच्या गोदामावर पळाला. गोदामवाल्याने तंबाखू मळत सांगितलं की आजचा माल ट्रकात चढला आणि ट्रक जालन्याच्या भट्टीच्या वाटेला लागला. बिभीषणने घरी येऊन हे सांगितल्यावर आश्रुबा एवढंच म्हणाले, "रेल्वे आसून ट्रकनं गेली. मुंजाला सांगू नगा."

त्या संध्याकाळी गल्लीने आपापल्या डोक्याने नंबर लावले. वस्तू अशी हवी की दुसऱ्या कोणाकडे नसावी. म्हणून कोणी शिलाई मशीन ठेवलं, कोणी लग्नातली पितळी समई ठेवली. आप्पारावांनी वडिलांचा फोटो हारासकट मांडला, कारण बापाला कोण सरकवील? छबुबाईंकडे कंदिलाच्या तोडीचं काहीच नव्हतं. त्यांनी लिंबाच्या पुढे खुंटी ठोकून शेळी बांधली.

सकाळी टँकर आला. त्याच्या टाकीवर सोसायटीच्या चेअरमनचं, मोहनरावांचं, नाव इतक्या मोठ्या अक्षरात होतं की 'पाणी' हा शब्द टायरजवळ लिहावा लागला होता. ड्रायव्हरने खाली उतरून बघितलं आणि डोकं खाजवलं.

"ह्यो काय बाजार मांडलाय बे? लाईन कुठंय?"

"हीच लाईन. पयला नंबर माझा," छबुबाई म्हणाल्या.

"तुझी शेळी तर शेवटाला उभी हाय!"

शेळीला दावं लांब होतं आणि रात्रभर वेळही भरपूर मिळाला होता. ती नंबरानंबराने मागे गेली होती आणि आता आप्पारावांच्या वडिलांपाशी उभी राहून शांतपणे हार खात होती.

"आरं, बापाचा हार खाल्ला!" आप्पाराव ओरडले.

"वाळकाच व्हता की! दिवाळीपासून बदलला न्हाईस तू!"

"शेळी सरकली म्हंजी नंबर सरकला. मागं जा!"

"शेळी सरकली, मी न्हाई सरकले!"

मग मशीनवाली समईवालीच्या पुढे गेली, समईवालीने मशीन ढकललं, कोणाची घागर कोणाच्या पायावर पडली. अंजना नवा ड्रम घेऊन मध्यभागी उभी होती आणि जो तो तिच्याकडे बोट दाखवून बोलत होता. ड्रायव्हरने थोडा वेळ पाहिलं, मग पाईप गुंडाळला. "लाईन लावा, मंग हाक मारा," म्हणाला आणि टँकर पुढच्या गल्लीत गेला.

गल्लीतला सगळ्यात मोठा ड्रम अंजनाचा होता, आणि तो ठणठणीत रिकामा होता.

लोक पांगले. आश्रुबा लिंबाखाली तसेच बसून राहिले, पायाशी तो पांढरा कॅन. अंजना जवळ गेली. "मामा, घरी चला. तनूची एक घागर आहे अजून, भागेल आपलं."

"आपलं भागंल," ते म्हणाले. "मुंजाचं काय?"

तेव्हा तिला कळलं की दोन नंबरला रोज कोळशाचा खडा असायचा आणि ते पाणी रुळापलीकडे मुंजाजीकडे जायचं. मुंजाजीची बायको वारली होती, मुलगा भोसरीला होता. शेजारीण येता-जाता दोन भाकरी टाकायची. मुंजाजी आताशा सगळं विसरत चालला होता, आणि त्यात तहानही विसरला होता. तांब्या पुढे केला की तोंड फिरवायचा.

"मंग मी शिट्टी वाजवायचो," आश्रुबा म्हणाले. "ल्हानपनी इंजिन पानी प्यायला थांबायचं. नळाची सोंड गळायची, तिच्याखाली आमी तोंड धरायचो. शिट्टी आयकली की त्याला वाटतं इंजिन आलं. मंग पितो. काल प्यायला. आज शिट्टी न्हाई."

ऊन चढत होतं. रस्त्यावरची राख पांढरी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या होत्या ते दुसरं घर कुठलं, ते तिला आत्ता समजलं.

गल्ली भांडली खरी, पण मुंजाजीचं नाव निघताच सगळी हजर झाली. आप्पाराव कबड्डीच्या पंचाची शिट्टी घेऊन रुळापलीकडे गेले. बिभीषणने मोबाईलवर गाडीचा आवाज लावला. छबुबाईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की वाटेवरची कुत्री गोळा झाली. आश्रुबांनी तोंडाने वाजवून पाहिली, पण पुढचे दात नसल्याने नुसती फुंकर निघाली. मुंजाजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठ फुटले होते. प्रत्येक आवाजाला तो एवढंच म्हणायचा, "खोटी गाडी."

अंजना तनूला कडेवर घेऊन दारात उभी होती. खरी गाडी म्हणजे वाफ. वाफ, शिट्टी. ती वळली आणि तरातरा घरी गेली. घागरीतलं पाणी तनूचं होतं. तिने तांब्या आत घातला, क्षणभर तसाच धरला, मग भरून काढला. तुरीची डाळ धुतली, तेही पाणी टाकलं नाही. कुकर पिशवीत घालून, प्यायला अजून एक तांब्या भरून घेऊन ती परत आली आणि मुंजाजीच्या बंद पडल्यासारख्या दिसणाऱ्या शेगडीवर तिने तो चढवला.

कुकर आधी कुरकुरला, मग फुसफुसला. आश्रुबा बाजेच्या कडेवर बसले आणि त्यांनी मित्राचा हात हातात घेतला. मग खोली दणाणून जाईल अशी शिट्टी झाली.

"आली बघ मुंजा!" आश्रुबांनी त्याचा हात ओढला. "पानी भराया थांबली. चल, ऊठ."

मुंजाजीने मान वळवली. एक डोळा उघडला.

"आश्रुबा, येडा हायस का तू? कुकर हाय त्यो."

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"डाळ हाय?" मुंजाजीने विचारलं.

"हो," अंजना म्हणाली. "तुरीची."

"मंग वाढ की पोरी. उबी कावून हायस?"

तिने कालच्या भाकरीवर डाळ ओतली. तो उठून बसला. खाली मान घालून, कोणाकडे न बघता तो जेवला. मध्येच ठसका लागला. "पानी," तो स्वतःहून म्हणाला, आणि अख्खा तांब्या एका दमात रिकामा केला.

छबुबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. आश्रुबा भिंतीकडे बघत होते. "इतके दिस मी शिट्टी फुकत बसलो," ते म्हणाले. "आन् ह्याला भूक लागलीती."

मुंजाजीने ताटाला बोट लावून चाटलं. मग काहीतरी आठवल्यासारखं इकडेतिकडे बघत विचारलं, "आश्रुबा, माझा कोळसा कुठंय रं?"

"पेटीत हाय. कुठं जातोय?"

सासऱ्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की अंजनाला मान वर करवेना. ती ताट घेऊन बाहेर आली. समोर रूळ होते. मालगाडीतून सांडलेला कोळसा खडीत पडला होता. तिने एक खडा उचलला, तनूच्या टोपऱ्याने पुसला, त्यातच गुंडाळला आणि आत येऊन मुंजाजीच्या हातावर ठेवला.

त्याने टोपरं उलगडलं. खडा नाकाशी नेला. बराच वेळ वास घेतला.

"ह्यो आपला न्हाई," तो म्हणाला.

मुंजाजीने खडा पुन्हा गुंडाळला आणि उशाखाली सारला.

"आसू दे. कुनाचा तरी आसंल."

तेव्हापासून रोज एक कुकर रुळापलीकडे जाऊ लागला. कधी अंजनाचा, कधी छबुबाईंचा. लिंबाखाली नंबर लावायला मात्र काही मिळालं नाही, म्हणून प्रत्येक घराने आपापलं म्हातारं माणूस नेऊन बसवलं. ते ओळखू येत होतं, आणि त्याला कोणी सरकवत नव्हतं. पहिल्या नंबरावर आश्रुबा असायचे. ड्रायव्हर त्यांना "ए ठोकळा" म्हणायचा आणि ते हसायचे.

पुढे पाणी नाही म्हणून औष्णिक केंद्र थंड पडलं, बिभीषणचं कंत्राट गेलं आणि अंजना तनूला घेऊन त्याच्या मागे पुण्याला आली. आश्रुबा आले नाहीत. "मुंजाची डाळ कोन लावील?" म्हणाले. तिने त्यांना कुकर लावायला शिकवला, झाकणाचं रबर दोनदा दाखवलं आणि निळा ड्रम भरून ठेवला. रोज संध्याकाळी ती फोन करते. "समदं बेस हाय," ते म्हणतात, आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू आली की तिला रात्री झोप लागते.

परवापासून फोन नुसता वाजतो आहे. म्हातारा फोन घरी विसरला असेल, बिभीषण म्हणतो. छबुबाईही लेकीकडे गेल्या आहेत. म्हणून अंजनाचं तुम्हाला एक मागणं आहे. वैजनाथाला जाल, किंवा नुसते परळीच्या स्टेशनात उतराल, तर रूळ ओलांडून मुंजाजीच्या खोलीपर्यंत जाऊन या. दोन म्हातारे असतील. दार लोटलेलं असलं तरी हाक मारा. शिट्टी नको, हातात काहीतरी गरम न्या. आणि दोघंही जेवले का, ते बघून तिला कळवा.