जाधवअण्णांचा स्क्रूड्रायव्हर

पहिल्याच भेटीत जाधवअण्णांनी माझ्या छातीला स्क्रूड्रायव्हर लावला. टोक माझ्या शर्टाच्या बटणावर, लाकडी मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. पुण्याहून नुकताच नोकरीवर आलेला मी हात वर करून उभा राहिलो.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "देसाई, अजून नवीन आहात. आवाज नाही."

बंगळुरात यशवंतपूरजवळच्या आमच्या कारखान्यात अण्णा दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते. चालू यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते ऐकायला तेव्हा सगळेच मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावत. अण्णांनी ही विद्या यंत्रांपुरती ठेवली नाही, एवढंच. मल्लेश्वरममध्ये ते आमचे शेजारी, त्यामुळे घरीही सुटका नव्हती. फणस पिकला की नाही हे त्यांनी असंच ऐकून ठरवलं आणि कच्चा फणस सगळ्या गल्लीत वाटला. आमच्या रेडिओचंही निदान केलं. त्यानंतर तो जो गप्प झाला तो कायमचा. त्यांचं घराणं कैक पिढ्या बंगळुरातलं, मराठीत कन्नड कधी मिसळलं हे त्यांना कळतही नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकटेच राहत.

पुढच्या वर्षी कारखान्यात उत्पादन वाढवायचा हुकूम आला, आणि जोडणी विभाग माझ्याकडे होता. रोज सकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर मला उभं करून विचारत, "काल किती यंत्रं बाहेर पडली?" आकडा कधीच पुरेसा नसे. माझी झोप उडाली. बायकोलाही काही बोललो नाही, पुरुषमाणसाने असलं बोलायचं नसतं अशी माझी समजूत. एका दुपारी एकाच कागदावर मी तीनदा सही केली आणि मला कळलंही नाही. राजीनामा द्यावा आणि कुणाला तोंड न दाखवता कुठेतरी निघून जावं, इथपर्यंत मन आलं होतं.

अण्णांनी तो कागद पाहिला. मला एका धडधडत्या यंत्राआड नेऊन छातीला स्क्रूड्रायव्हर लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"स्वल्प आवाज येतोय."

"कसला?"

"ते तुम्हीच सांगा की."

आणि मी सगळं सांगितलं. यंत्राच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही हे नशीब, कारण शेवटी मी चक्क रडलो. अण्णांनी कुठल्याशा यंत्रावरची 'दुरुस्ती चालू, हात लावू नये' ही लाल पाटी काढून माझ्या खुर्चीला अडकवली आणि सरळ मॅनेजरकडे गेले.

"देसाई आठवडाभर बंद."

मॅनेजर उखडले. "हे कुणाला विचारून?"

"तापलेलं यंत्र मी बंद करतो तेव्हा कुणाला विचारतो?"

रजा मिळाली. घरी बायकोला सगळं सांगितलं आणि पोटभर झोपलो. उठल्यावर इतकं हलकं वाटलं की मला स्वतःचाच हेवा वाटला. परतलो तेव्हा पाटी खुर्चीवर तशीच होती. झाडूवाल्यानेही खुर्चीला हात लावला नव्हता.

"अण्णा, माणसाचं खरंच काही ऐकू येतं?" मी विचारलं.

"छे. पण टोक टेकवलं की माणूस आपण होऊन बोलतो."

आयुधपूजा आली. त्या दिवशी बंगळुरात कुणी हत्याराला हात लावत नाही, सगळी हत्यारं हळदकुंकू लावून देवापुढे. संध्याकाळी अण्णा आमच्या दारात उभे होते. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"कसे आहात बघायला आलो होतो. पण हत्यार पूजेत आहे."

"मी बरा आहे. आज तुम्ही बोला."

ते बसले. हात मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

"ही गेल्यापासून घरात आवाजच नाही हो," शेवटी म्हणाले. "कारखान्यात बरं असतं. तिथं काहीतरी धडधडत असतं. सुट्टीच्या दिवशी फार जड जातं."

मग ते बोलतच राहिले. बायकोने न विचारताच तिसरं पान मांडलं आणि आतून हाक मारली, "अण्णा, हात धुऊन घ्या."

अण्णा पोटभर जेवले. निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "उद्याही येईन म्हणतो. हत्यार घरीच ठेवून."