शालनबाईंच्या दूरच्या फौजेची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि ज्या रयतेने धूर गिळून हे सर्व पाहिले तिजला तिसरे नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते सेवकाने जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव विचारू नये. ऐसी राज्ये पुष्कळ आहेत.

ते राज्यी वॉर्डाची गादी पाच वर्षांनी रयतेच्या मताने ठरे, आणि बाबूराव हिरडे तीन वेळा तीवर बसले होते. त्यांचे कारकीर्दीत शहराचा कचरा चिंचमळा नामे वस्तीच्या विहिरीपाशी टाकावा ऐसी मसलत ठरली, आणि गाड्या येऊ लागल्या, आणि कचरा पेटला, मग धूर घरोघर शिरला आणि विहिरीवर पिवळा तवंग आला. वस्तीत शालनबाई खरमाटे म्हणोन शिवणकाम करणारी बाई राहत होती. तिची एकुलती लेक धुराने दमेकरी जाहली. तेव्हा बाईंनी विहिरीतून बादली ओढली, फोन समोर धरिला आणि बोलिल्या, "हे पाणी मी लेकीला पाजते. साहेबांनी एक पेला पिऊन दाखवावा." इतुकेच बोलिल्या. परंतु ते बोल वणव्यासारखे पसरले, आणि लक्षावधी लोकांनी ते पाहिले, आणि कचेरीतील हुजूर घाबरे जाहले, मग पंधरवडाभर एक गाडी वस्तीत आली नाही. हे यश खरे होते आणि फोनाचेच होते. जो नाकारील तो कृतघ्न म्हणावा.

पुढे निवडणूक लागली. तेव्हा सुजय वळसंगे नामे संगणक शिकलेले गृहस्थ शहरातून आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही उभ्या राहा. आपल्या पेजवर बारा हजार माणूस आहे, आणि वॉर्डात मतं सगळी मिळून चार हजार." बाईंस हिशेब पटला. सेवकासही पटला होता, खोटे कशास बोलावे? बारा हजारांतले किती मस्कतास, किती बंगळुरास, आणि चिंचमळ्याच्या मतदारयादीत कितीकांचे नाव, हे कोणी पुसिले नाही. लग्न ठरले, मांडव पडला, आणि वऱ्हाड कोणत्या गावचे हेच ठाऊक नाही, ऐसी गत जाहली. सुजयराव सरनोबत जाहले, वस्तीतील पाचसात तरणे शिलेदार जाहले, आणि रोज सायंकाळी बाई फोनासमोर बसून बोलू लागल्या. बाबूरावांस फोनाचा गंध नव्हता. परंतु कोणाचे घरी सुतक, कोणाचे घरी बारसे, हे त्यांस तोंडपाठ होते. धूर त्यांचाच, आणि धुराने मेलेल्याच्या दारी पहिले पाऊल त्यांचेच.

मतदानास थोडे दिवस उरले असता बाईंचे शेजारी रखमाजी तांबवे, भिंतीस भिंत लागून घर, छातीत धूर भरून वारले. बाई पदर खोचून निघाल्या. सुजयरावांनी वाट अडविली. म्हणाले, "ताई, आत्ता गेलात तर लाइव्ह बुडेल. लोक वाट बघतायत. श्रद्धांजली इथूनच वाहू, लांबवर पोचेल." बाई उंबऱ्यात थांबल्या, मग माघारी येऊन बसल्या. रखमाजींचे नाव घेऊन बोलिल्या आणि रडल्या. ते अश्रू खरे होते, त्यांविषयी कोणी वावगे बोलू नये. आणि दूरच्या फौजेने हजारोंनी जोडलेले हात पाठविले. इकडे तिरडी दारात तयार होती. वस्तीचे पुरुष कारखान्यात गेले होते, आणि शिलेदार बाईंच्या तोंडावर दिवा धरून उभे होते. खांदेकरी तीनच जमले. रखमाजींची बायको पारूबाई दारात उभी राहून वाट पाहत होती. इतक्यात बाबूरावांची गाडी आली, आणि त्यांनी वहाणा काढिल्या, आणि चौथा खांदा दिला, मग स्मशानापावेतो अनवाणी चालत गेले. सगळ्या वॉर्डाने ते पाहिले.

मतदानाचे दिवशी दूरच्या फौजेने जयजयकार केला, आणि मोजणीत शालनबाईंस चारशे मतेही पडली नाहीत. मस्कताहून दगा, दगा ऐसी ओरड जाहली. सुजयराव दुसऱ्या राज्यात दुसऱ्या उमेदवाराकडे गेले.

मग बाई पारूबाईंच्या दारी गेल्या. पारूबाई तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बाई, धूर माझ्याबी नाकात जातो. माझा माणूस त्यानंच गेला, ते मला ठावं नाही व्हय? पण तिरडी दारात हुती आन् खांदेकरी तिघं. चौथा जो आला, त्याला मी मत दिलं."

"मावशी, मी त्यांच्यासाठीच बोलत होते."

"बोलत हुतीस. भिंतीपलीकडनं ऐकू येत हुतं मला."

बाई दारातूनच माघारी फिरल्या.

त्याउपरी गाड्या पुन्हा सुरू जाहल्या, पूर्वीहून अधिक. बाईंनी पुन्हा बादली ओढून फोनासमोर धरिली, आणि पहिल्याहून दुप्पट लोकांनी ती पाहिली, आणि हळहळले. कचेरीतून कोणी आले नाही. आधी हुजुरांस लक्षावधी दिसत होते, बाईंच्या पाठीशी मते किती हे अंधारात होते, म्हणोन भय होते. आता आकडा मोजून जाहला होता. मग कचेरीने विहीर बुजविली, आणि लेकीचा दमा वाढला, आणि बाईंनी तिला मामाचे गावी धाडिले.

येणेप्रमाणे चिंचमळ्याचे वर्तमान. गादी बाबूरावांची राहिली, फौज जेथली तेथे राहिली, आणि मायलेकी आता फोनावरच एकमेकींस पाहतात. इतुके लिहून लेखणी ठेविली.