आजारातून उठलेल्यांचे कोंडिबामामा

आमच्या हर्सूलच्या कॉलनीत कोंडिबामामा कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. ते समोरच्याचा दंड बोटांत धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "ढिला हाय." त्यांचे वडील कन्नड गावच्या बाजारात शेळ्या विकायचे, तिथं लागलेली ही सवय. पुढं वाळूजच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मामांनी तीस वर्षं स्वयंपाक केला, पण हात शेळ्या चाचपणाऱ्याचाच राहिला.

मागच्या हिवाळ्यात मला फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. पाच दिवस दवाखान्यात काढून घरी आलो, तेव्हा पँट कमरेवर थांबत नव्हती. थोडं थोडं पण सारखं खा, डाळी-अंडी वाढवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तोंडाला चवच नव्हती. मी चहात टोस्ट बुडवून दिवस ढकलत होतो.

अशात मामा आले. त्यांनी दंड धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, माणूस घरी आला, पण ह्याचं मांस दवाखान्यातच ऱ्हायलं की!"

टोस्टची बशी त्यांनी स्वतः उचलून नेली. दुपारी डबा घेऊन हजर. घट्ट मुगाचं वरण, त्यात कुस्करलेली भाकरी, वर लिंबू आणि मूठभर कोथिंबीर.

"मामा, दोनच घास जातील."

"दोनच खा. दोन तासानं आनखी दोन. आपलं कॅन्टीन दिवसभर चालू हाय."

संध्याकाळी उकडलेली अंडी आणि दही आलं, तेव्हा आईनं हरकत घेतली. अंडं उष्ण, दही थंड.

"मंग बरोबर हाय ना आक्का, पोट कोमट ऱ्हातंय. डाक्टरच्या कागदात मना केलंय का? दाखवा."

कागदावर मात्र मामांची फार श्रद्धा. मागं कॉलनीतले पाटीलकाका असेच तापातून उठले होते. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास. मामांनी थेट त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, डाळ किती वाढू? डॉक्टरांनी विचारलं, "आपण पेशंटचे कोण?" मामा ठसक्यात म्हणाले, "आचारी!"

खाणं झालं की ते मला गल्लीत चालवत. "नुस्तं खाऊन ताकद येत नाय. पायाला कळू दे, आपण जेवलो म्हणून." पहिल्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत गेलो आणि धाप लागली. मामा कडेच्या कट्ट्यावर माझ्याशेजारी बसून राहिले. पुढच्या आठवड्यात मी किराणा दुकान गाठलं. तिथल्या भज्यांच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं, तेव्हा मामांनी दुकानदाराला ओरडून सांगितलं, "ह्याला वास आला बरं का!"

तीन आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी दंड दाबला आणि जाहीर केलं, "भरला. आता सूनबाईच्या हातचं खा." त्यानंतर ते आले नाहीत.

रविवारी दुपारी जेवण उरकून मी त्यांच्याकडं गेलो. दार उघडंच होतं. शेगडीवर डाळीनं काठोकाठ भरलेलं पातेलं. मामा खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत होते.

"जेवलात का मामा?"

"नाय. भूकच न्हाई." मग पातेल्याकडं बघून ओशाळल्यासारखं हसले. "तुझी मामी गेली तवापासून शिकतोय. एका मानसाचा सैपाक काय जमत नाय बघ."

मी उभाच होतो. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "खोकला गेला का रे? समदाच गेला?"

तो केव्हाच गेला होता.

"सकाळी खोकला येतो थोडा," मी म्हणालो.

"आँ? मंग बस की, उभा का?" मामा झटक्यात उठले. दोन ताटं मांडली आणि दोन्हींत सारखी डाळ वाढली. मी भरल्या पोटी भाकरी मोडली. मला जेवताना बघत बघत त्यांनीही पहिला घास घेतला.