पाचपैकी बरं

येरळामाई सहकारी दूध उत्पादक संघ, वडूज, या संस्थेच्या सभासदांचा वार्षिक अभ्यास दौरा यंदा जहाजातून काढायचं ठरलं, तेव्हा विषयपत्रिकेवर 'समुद्रमार्गे दुग्धव्यवसायाच्या संधी' असा विषय होता. समुद्रात म्हैस नसते ही हरकत कुणीही घेतली नाही. आमच्या सभेत हरकत घ्यायची पद्धत नाही. अध्यक्ष नाथाजीअण्णा विषय वाचतात, मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि मी, सचिव भाऊसो, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात घालतो. एकतीस वर्षं मी हे काम केलं. विषय बदलले, नावं बदलली, पण 'सर्वानुमते' हा शब्द मला एकदाही बदलावा लागला नाही.

मुंबईहून निघून गोवा आणि कोची करून सातव्या दिवशी परत, असा दौरा होता. आम्ही बासष्ट सभासद. पहिल्या संध्याकाळी जहाजाच्या नाट्यगृहात जादूचे प्रयोग झाले. जादूगाराने एका बाईला पेटीत घालून करवतीनं मधोमध कापलं आणि परत जोडलं. बाकीच्या प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमचे बासष्ट जण हाताची घडी घालून बसले होते. आमच्याकडे टाळ्या प्रमुख पाहुणे आले की वाजवतात, आणि पाहुणे कोण हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

प्रयोग संपल्यावर निळ्या कोटातली एक मुलगी घाईघाईनं आमच्या रांगेकडे आली. ती जहाजाची मनोरंजन अधिकारी होती, मयूरी. आमचं बोलणं ऐकून तिचा चेहरा खुलला.

"मी सांगलीची. माधवनगरला घर आहे आमचं. कसा वाटला कार्यक्रम, आजी?" तिनं बनुबाईंना विचारलं. बनुबाई आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद. वय चौऱ्याहत्तर, घरी दोन म्हशी.

"बरा हाय," बनुबाई म्हणाल्या.

"आणि अण्णा, तुम्हाला?"

"बरा हाय की."

तिनं आठ-दहा जणांना विचारलं. आठ-दहा वेळा 'बरा' ऐकल्यावर ती शेजारच्या खुर्चीवर बसलीच. मग तिनं खरं काय ते सांगितलं. तिचा तीन वर्षांचा करार याच फेरीत संपत होता. शेवटच्या दिवशी प्रवाशांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतात, त्यात पाचपैकी तारे द्यायचे असतात. या फेरीत सरासरी साडेचार आली तर ती कायम होणार होती, नाही आली तर मुंबईला सामान घेऊन उतरायचं. आणि जहाजातले निम्मे प्रवासी आम्हीच होतो.

"आवं बया!" बनुबाईंनी तिचा हात धरला. "आमी हाय न्हवं? तू काय घोर लावून घिऊ नगंस."

मयूरीनं मनोरंजन सुधारण्यासाठी सूचना मागवल्या. बासष्ट कोरे कागद वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी बासष्ट कोरे कागद परत आले. ती बिचारी हिरमुसली. मी तिला समजावलं, की सभासदांना मतं आहेत, पण सभा बोलावल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. त्यावर पोहण्याच्या तलावाकाठी विशेष सर्वसाधारण सभा घेण्यात आली. मागची रांग पाय पाण्यात सोडून बसली होती.

"पयली गोष्ट," अण्णा म्हणाले, "काल त्यो गडी थेट स्टेजवर आला आन् बाई कापाय लागला. दीपप्रज्वलन न्हाई, प्रास्ताविक न्हाई. ही काय पद्धत झाली?"

"मंजूर, मंजूर."

"दुसरी. एवढी बाई कापली त्यानं, आन् सत्कार न्हाई?"

"बाईचा बी करा," बनुबाई म्हणाल्या. "कापून घेतलं ते तिनं."

मयूरीनं सगळं वहीत लिहून घेतलं. या मुलीचा हा एक गुण मी आजवर कोणत्याही अधिकाऱ्यात पाहिलेला नाही: ती सूचना लिहून घ्यायची आणि नंतर ती वही उघडायचीसुद्धा.

जहाजावर ज्योत लावायला बंदी होती. तिनं एका फुलदाणीत पाच मोबाईल उभे केले आणि अण्णांनी एकेक बोटानं त्यांचे टॉर्च लावून दीपप्रज्वलन केलं. शाली आणि फेटे आमच्याकडे होतेच, कारण बाहेरगावी जाताना ते लागतात. नारळ भटारखान्यातून आले. जादूगाराचा सत्कार झाला, कापलेल्या बाईचा झाला, पेटी ढकलणाऱ्यांचा झाला. शाली चौदाच असल्यानं सत्कारमूर्तींनी उतरताना शाल मागच्या बाजूला परत द्यावी, अशी व्यवस्था होती. मग प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार. उरलेल्या अकरा मिनिटांत जादूगारानं एक कबुतर काढलं. त्यालाही फेटा बांधला होता, म्हणजे जादूगाराला.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. वेळ भरून काढायला मयूरीनं उखाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. तिनं हातातला माईक सरळ बनुबाईंपुढे धरला. बनुबाईंचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यानंतर कुणी त्यांना हळदीकुंकवालाही बोलावलेलं नाही. नाव घ्यायला सांगण्याची तर बातच सोडा. हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. बनुबाईंनी माईककडे पाहिलं, पदर सावरला आणि उभ्या राहिल्या.

"अरबी समुद्राचं पाणी लय खारं, धोंडीरामरावांचं नाव घेते, म्हशीकडं बघतंय कोण बरं?"

मागच्या रांगेतून एक टाळी आली, आणि पाहुणे नसतानाही आमच्या बासष्ट जणांनी टाळ्या वाजवल्या. मी इतिवृत्त लिहीत होतो, पण पुढच्या दोन ओळी मला दिसल्या नाहीत. बनुबाई खाली बसल्यावर कितीतरी वेळ हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात मी तसं काही केलं नाही. "बरं झालं," एवढंच म्हणालो.

तिसऱ्या दिवसापासून मागणी वाढली. दिल्लीच्या एका जोडप्यानं आपल्या लग्नाच्या वाढदिवसाचा सत्कार करून घेतला. ते पाहून अहमदाबादच्या मंडळींनी कारण शोधायला सुरुवात केली. कुणी पहिल्यांदा समुद्र पाहिला म्हणून, कुणी न ओकता दोन दिवस काढले म्हणून फेटा बांधून गेले. गायिकेचं गाणं रद्द झालं, कारण तिचा सत्कार लांबला. जादूगार रोज येऊन पुढच्या रांगेत बसू लागला. सूत्रसंचालन करून मयूरीचा आवाज बसला, तरी ती गरम पाणी पीत 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणतच होती.

चौथ्या दिवशी दुपारी खुद्द कप्तानांचा सत्कार ठेवला होता. जहाज संध्याकाळी कोचीला लागायचं होतं. कप्तान पाच मिनिटांसाठी म्हणून आले, पण त्यांना प्रमुख पाहुणे करून मधल्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि प्रमुख पाहुण्यांना आभारप्रदर्शनाआधी उठता येत नाही. त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. फौजेतून निवृत्त झालेले आमचे सुभेदार ज्योतिबा दाराशी उभे होते.

"बसा साहेब," ते म्हणाले. "अजून राष्ट्रगीत बाकी हाय."

अण्णांनी दुधातल्या स्निग्धांशापासून सुरुवात करून आरमारापर्यंत विषय नेला. जहाज दोन तास किनाऱ्यासमोर घिरट्या घालत राहिलं. बंदरातून सारखी विचारणा होत होती. अखेर कप्तान फेटा घालूनच सुकाणूवर गेले. पण उतरताना एकाही प्रवाशानं तक्रार केली नाही. दिल्लीची बाई मयूरीच्या गळ्यात पडून म्हणाली, की लग्नातसुद्धा कुणी आपलं एवढं केलं नव्हतं.

परतीच्या शेवटच्या सकाळी फॉर्म आले. आमच्याकडे कुठलाही फॉर्म सचिवच भरतो, सभासद सही करतात. दूध मोजण्याच्या कार्डापासून नातवाच्या दाखल्यापर्यंत हीच रीत आहे. त्यामुळे बासष्ट फॉर्म माझ्यापुढे आले आणि मी पेन उघडून विचारलं, "अण्णा, किती तारे?"

"कार्यक्रम कसा झाला?" अण्णांनी सभेला विचारलं.

"लय भारी!" बासष्ट जण एका सुरात म्हणाले.

"मग पाच लिहू?"

सुभेदारांनी माझ्या पेनावर हात ठेवला.

"पाच?" सुभेदार म्हणाले. "आवं, फौजेत अठ्ठावीस वरसं काढली म्या. पैकीच्या पैकी कुणालाच न्हाई दिलं. दिलं की जवान ढिला पडतू."

"आन् आपल्याला बी काय कळत न्हाई असं वाटंल त्यास्नी," अण्णा म्हणाले. "पयल्यांदाच जहाज बघितलं, दिलं पाच! एक तारा आपल्या मानापायी कापा."

मी चार लिहायला घेतले. तेवढ्यात बनुबाई पुढे आल्या.

"आजून एक काढा," त्या म्हणाल्या.

"का वो बनुबाई? तुमची तर लेकच झालीया ती."

"म्हणूनच म्हंते. एवढी गुणाची पोर. पानभर चांगलं लिवलं आन् कुनाची नजर लागली म्हंजे? लेकराच्या गालाला तीट लावत्यात, तसा एक तारा कमी ऱ्हाऊ द्या."

तीन. मी पेन खाली ठेवलं. "अण्णा, साडेचार लागतात. पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"भाऊसो, त्या कंपनीला डोळं न्हाईत का? माणूस बघूनच कळतंय. मार्कांचं काय घिऊन बसलाय, खाली शेऱ्यात लिवा की चांगलं झोकात!"

"मंजूर, मंजूर."

इथे माझ्या हातात पेन होतं, एवढं मला नमूद केलं पाहिजे. फॉर्म कुणी वाचून पाहणार नव्हतं. पाचवर खूण केली असती तर बासष्ट सह्या तशाच झाल्या असत्या. पण सभेनं सर्वानुमते तीन ठरवलं होतं, आणि ठरावाबाहेर मी एकतीस वर्षांत एक वेलांटी दिलेली नाही. मी बासष्ट वेळा तीन लिहिलं. शेऱ्यात मात्र कसूर ठेवली नाही. 'कर्तव्यतत्पर, मनमिळाऊ, सांगली जिल्ह्याचं भूषण, कंपनीनं अशा कन्येची योग्य ती दखल घ्यावी', असं वळणदार अक्षरात बासष्ट वेळा लिहिलं. माझं बोट सुजलं. उतरताना मयूरीचा सत्कार केला. तिची शाल परत घेतली नाही.

पंधरा दिवसांनी संघानं ठराव केला, की मयूरीच्या घरी जाऊन तिचं अभिनंदन करावं. अण्णा, बनुबाई, सुभेदार आणि मी पेढे घेऊन माधवनगरला गेलो. दार तिनंच उघडलं. आम्हाला वाटलं, रजेवर आली असेल.

"नोकरी गेली, काका," ती म्हणाली. "सरासरी चारच आली."

"आसं कसं? आमी शेरा लिवला होता की!" अण्णा म्हणाले.

"शेरे कुणी वाचत नाही, अण्णा. मशीन फक्त तारे मोजतं. दिल्ली-अहमदाबादच्या सगळ्यांनी पाच दिले होते." तिनं आमच्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. "तुम्हाला खरंच आवडलं नव्हतं का?"

बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. "माझंच चुकलं गं पोरी," त्या म्हणाल्या. "तुला नजर लागू नये म्हणून केलं, आन् माझीच लागली."

मयूरी खाली बसली आणि तिनं डोकं बनुबाईंच्या मांडीवर ठेवलं. तिचे वडील गोपाळकृष्ण खिडकीबाहेर बघत राहिले. आई पद्माताईंनी पोह्यांच्या बशा आणल्या. पोहे उत्तम होते. वर ओलं खोबरं, लिंबू बेतशीर. असे पोहे मी जन्मात खाल्ले नव्हते. आम्ही बशा चाटूनपुसून रिकाम्या केल्या.

"कसे झालेत?" पद्माताईंनी विचारलं.

"बरे हायत," आम्ही चौघं एकदम म्हणालो.

मयूरीनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं. आम्ही पेढे तिथेच ठेवून निघालो.

परत आल्यावर संघानं कंपनीला पत्र पाठवलं, की आमच्या तिनाचा अर्थ पाच असा धरावा. कंपनीचं उत्तर लगेच आलं: अभिप्रायाची मुदत संपली आहे, आणि या उत्तरानं आपलं कितपत समाधान झालं ते खालील ताऱ्यांत कळवावं. अण्णांच्या सांगण्यावरून मी तिथेही तीन दिले.

हा अहवाल येत्या सभेपुढे ठेवायचा आहे. त्याआधी आपण तो इथपर्यंत वाचला, मधेच कुठे हसलात, कुठे थोडं गलबलूनही आलं असेल, त्याबद्दल आभारी आहे. कसा वाटला हे मी विचारत नाही. आपलं उत्तर मी शेऱ्याच्या रकान्यात आधीच लिहून ठेवलं आहे: 'बरा आहे.' अनुमोदक म्हणून माझं नाव घातलं आहे. सूचकाची जागा मोकळी आहे, तिथे तेवढी आपली सही करावी.