लाल ठिपक्याची बाजू

आमची टेप कशीही वाकवा, तिला काही होत नाही, असं मी गेले सहा महिने भेटेल त्याला सांगत होतो. बायको तर शेवटी म्हणाली, "तिचं कौतुक पुरे, जेवायला बसा."

टेप म्हणजे चिकटपट्टी नव्हे. कागदाएवढी पातळ धातूची पट्टी, आणि तिच्यात काचेसारखा ठिसूळ थर. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की त्या थरातून वीज विनाअडथळा वाहते. पण पट्टी जास्त वाकली की थराला तडा जातो आणि सगळंच मुसळ केरात. मी तिला दोन्ही अंगांनी तांब्याचा लेप चढवून दणकट केलं होतं. सोमवारी प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर, म्हणजे सरांसमोर, ती पेन्सिलीएवढ्या दांड्यावर शंभर वेळा वाकवायची होती. टिकली तर काम पुढे चालू, नाहीतर माझी रवानगी खरेदी विभागात.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. थर आतल्या बाजूला ठेवून वाकवलं तर तो तगतो. बाहेर राहिला तर ताणला जातो आणि फुटतो. तांबं चढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून मी थराच्या बाजूवर गुपचूप लाल ठिपका द्यायचो.

सोमवारी डबी उघडली. पट्टी लखलखीत आणि ठिपका गायब.

प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या मावशींना मी विचारलं, "ही कोणी पुसली?"

"मीच. सर येणार आणि तिच्यावर डाग. स्पिरिटनं काढला."

"परत ठेवताना कोणती बाजू वर ठेवलीत?"

"स्वच्छ."

"आणि खाली?"

"तीही स्वच्छ. मी काम अर्धवट ठेवत नाही."

तेवढ्यात सर आलेच. मी आपला पट्टी उलटीसुलटी करतोय.

"काय शोधताय?" सरांनी विचारलं.

"डाग," मावशी म्हणाल्या. "त्यांना कुठली तरी एक बाजू हवी आहे. पण काय हो, कशीही वाकवा म्हणता ना तुम्ही? मग बाजू कशाला लागते?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"प्रश्न बरोबर आहे. दोन तुकडे करा. एक असा वाकवा, एक तसा."

एक तुकडा शंभर वेळा वाकूनही ठणठणीत राहिला. दुसऱ्यानं अकराव्या खेपेलाच मान टाकली. मी मनातल्या मनात खरेदी विभागातली खुर्ची पुसायला घेतली.

"काम चालू ठेवा," सर म्हणाले. "आता दुसरी बाजूही टिकवून दाखवा."

नव्या प्रस्तावावर सरांनी पहिलं नाव मावशींचं घालायला लावलं, कारण मुद्द्याचा प्रश्न त्यांचा. दुसरं नाव माझं आहे. तेही मावशींनीच सुचवलं, "यांचंही घाला. वाकवायला कोणीतरी लागेलच की."