हालचाल वाढलीया

रांजणगावच्या कंपनीत आपल्या हाताखालून दिवसाला अठराशे पार्ट जातात आणि त्यातला एकही न मोजता सुटत नाही, हे सुदर्शनने वडगाव रासाईत प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं होतं. त्यामुळे शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी शितलला आठव्या महिन्यात बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्या, तेव्हा हे खातं आपलंच, असं त्याने दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर करून टाकलं.

"तू फक्त पडून ऱ्हा," तो बायकोला म्हणाला. "मोजायचं माज्यावर सोड."

पडून राहणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने आठ महिन्यांचं पोट घेऊन एप्रिलात पत्र्याच्या खोलीत एका कुशीवर पडून बघावं. खरं तर बाईंनी सांगितलेलं साधं होतं. दिवसातून एकदा, जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, बाळ हललं की मोजायचं, दोन तासांत दहा झाले की उठायचं. दहा झाले नाहीत किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटले, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. सुदर्शनने याचा कंपनीसारखा तक्ता केला. त्यात तास होता, टार्गेट होतं, प्रत्यक्ष होतं आणि शेवटी 'कमी असल्यास कारण' असा रकाना होता. दिवसातून एकदा करायचं मोजणं त्याने तीन शिफ्टमध्ये वाटून दिलं. मोजताना लक्ष जाऊ नये म्हणून शितलने मोबाइल सायलेंट ठेवायचा, हाही नियम त्याचाच. एके दिवशी सकाळी अकरा आणि संध्याकाळी एकोणीस आले, तर गडी कंपनीतून आल्या आल्या, पायातले बूटही न काढता विचारतो, सकाळी काय अडचण होती? शितलने शेवटच्या रकान्यात 'कामगार झोपला होता' असं लिहून टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

पण त्याला फार हसण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या खेपेला, तिसऱ्याच महिन्यात सगळं थांबलं होतं. तेव्हा सुदर्शन सेकंड शिफ्टला होता, फोन लॉकरमध्ये होता, आणि घरी पोचला तेव्हा शितल नुसती भिंतीला टेकून बसलेली होती. तेव्हापासून त्याला भीती वाटायची आणि भीतीचं काय करायचं ते कळायचं नाही. मोजता मात्र चांगलं यायचं.

या सगळ्या कारभारात एक अडचण होती, ती म्हणजे त्याची आई कस्तुराबाई. पोटातलं बाळ मोजू नये, दृष्ट लागते, असं तिचं ठाम मत. तक्त्यावरचा आकडा फोनवर सांग म्हटलं की ती म्हणायची, "बरं हाय." अकरा असो की एकोणीस, बरं हाय. आणि तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही, हा तर तिचा आयुष्यभराचा नेम. बांगडी फुटली की ती 'वाढली' म्हणायची, सगळ्याच बायका म्हणतात. पण तिचं तेवढ्यावर भागायचं नाही. पीठ संपलं की पीठ वाढलं. तेल संपलं की तेल वाढलं. विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा तिने सुदर्शनच्या चुलत्यांना "आप्पा, मोटार वाढली" असा निरोप धाडला होता. आप्पांना वाटलं, आणखी एक मोटार आली. ते पेढे घेऊन विहिरीवर गेले होते.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सुदर्शनने लॉकरमधून फोन काढला. आदल्या चार रात्री मोजण्याच्या काळजीत त्याला धड झोप नव्हती, डोळे लाल झाले होते. शितलचा फोन नियमाप्रमाणे सायलेंट होता, म्हणून त्याने आईला लावला. आईचा आवाज एकदम दबका आला. त्याने विचारलं, कसं काय?

"आज हालचाल वाढलीया," कस्तुराबाई म्हणाली.

सुदर्शनच्या हातातली चपाती डब्यात पडली. वाढली म्हणजे काय, असं त्याने विचारलं.

"वाढली म्हंजी वाढली. सकाळपास्नंच. शितल आत्ता कुठं पडलीया, तिला फोन करू नगं. तू चार घास खाऊन घे."

आणि फोन बंद झाला. बिचारी हळू बोलत होती ती सून जागी होऊ नये म्हणून. पण पस्तीस वर्षं या बाईच्या पोटी मुलगा म्हणून काढलेल्या माणसाला त्या वाक्याचा एकच अर्थ लागणार होता. त्याने पुन्हा फोन लावला. कस्तुराबाई तोवर फोन घरात ठेवून शेवंतीच्या वाफ्याकडे गेली होती. शितलला सात वेळा लावला, तो उशीखाली मुकाट पडून राहिला. मग त्याने कासुर्डीला सासऱ्यांना, आनंदरावांना फोन केला आणि एवढंच म्हणाला, "मामा, निघा. गाडी घेऊन वडगावला या." का, ते त्याच्या तोंडून निघेना. आनंदरावांनीही विचारलं नाही, आणि न विचारता जो माणूस निघतो, तो वाईटच धरून निघतो.

लाइन-लीडरने त्याचं तोंड बघूनच गेटपास दिला. न्हावऱ्याच्या रस्त्याने सुदर्शन गाडी हाणत होता आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त तक्त्यातला तो शेवटचा रकाना. कमी असल्यास कारण. कारण काय लिहायचं? आपण मोजत बसलो आणि बघितलंच नाही, हे लिहायचं? उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला तेव्हा तो हेल्मेटच्या आत रडला.

घरी पोचला तर दारात आनंदरावांची जीप. पारगावच्या पुलावरून ती त्याच्या आधी येऊन पोचली होती, आणि आतून सासू, दोन मावश्या आणि एक चुलत मेव्हणा उतरला होता. जीप बघून शेजारची कुशाबाई आली होती आणि काय झालं ते ठाऊक नसतानाच पदर डोळ्याला लावून बसली होती. या सगळ्यांच्या मधोमध शितल उभी होती, केस विस्कटलेली, आठवड्यातली पहिली गाढ झोप मोडलेली.

"कोण गेलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. सकाळी शितलने कलिंगड खाल्लं होतं आणि बाळाने त्यानंतर तासाभरात तीस वेळा उड्या मारल्या होत्या. हालचाल वाढली होती, एवढंच. सगळे कस्तुराबाईकडे वळले. शेवंतीची पाटी कमरेवर घेऊन ती नुकतीच दारात आली होती.

"आता वाढलेल्याला वाढली न्हाई तर काय संपली म्हनू?" ती म्हणाली, आणि फुलं निवडायला बसली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एवढी माणसं एवढ्या लांबून आली होती, त्यांना बाळाचं हलणं बघायचंच होतं. शितलला पुन्हा कॉटवर आडवं केलं. तिच्या आईचा हात झाला, मावश्यांचे झाले, कुशाबाईचा झाला. बाळ हलेना. गार पाणी पाजलं, गूळ खाऊ घातला, कुशीवर वळवलं. पाऊण तास झाला, तास झाला. बोलणी हळूहळू कमी झाली. शितलने वर बघितलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर ती दोन वर्षांपूर्वीची भीती दिसली.

"अहो," ती म्हणाली, "चला."

तक्ता कुणी घेतला नाही. जीपमध्ये नऊ माणसं कोंबून बसली आणि जीप शिरूरच्या रस्त्याला लागली.

डॉक्टरीणबाईंनी बाकीच्यांना बाहेर ठेवलं आणि पोटाला यंत्राचा पट्टा बांधला. आधी नुसती खरखर आली. मग धावत्या घोड्यासारखे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले आणि सुदर्शन स्टुलावर बसला. बाळ पोटात झोपतंही, बाई म्हणाल्या, पण ते घरी बसून ठरवायचं नाही, आलात ते बरोबर केलंत, उद्या पुन्हा वाटलं तर उद्या पुन्हा या. मग त्यांनी शितलच्या हातात यंत्राच्या वायरला जोडलेलं एक बटण दिलं. बाळ हललं की दाबायचं, कागदावर खूण उमटते, वीस मिनिटं. आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

शितलमध्ये त्राण नव्हतं. तिने बटण नवऱ्याकडे दिलं, त्याचा दुसरा हात उचलून पट्ट्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "तुमचंच खातं."

सुदर्शनने तक्त्यात आजवर बाराशेच्या वर हालचाली लिहिल्या होत्या. पण तो कंपनीतून येईपर्यंत बाळ निजायचं, त्यामुळे एकही त्याच्या हाताला लागली नव्हती. ती आत्ता लागली. तळहाताखाली आतून कुणीतरी टाच सरकवल्यासारखं झालं. मग पुन्हा. मग लागोपाठ तीनदा. तो त्या हाताकडेच बघत राहिला.

वीस मिनिटांनी बाई आल्या, लांब कागद ओढून बघितला. ठोके छान आहेत, त्या म्हणाल्या, पण हालचालीची एकसुद्धा खूण कशी नाही? बाळ हललंच नाही का?

सुदर्शनने हातातल्या बटणाकडे बघितलं. "हललं की," तो म्हणाला. "लई हललं. दाबायचं ऱ्हायलं."

मग पुन्हा वीस मिनिटं लावावी लागतील, असं बाईंनी सांगितलं. शितलने एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले.

"बटण हिकडं द्या," ती म्हणाली. "हात ऱ्हाऊ द्या तिथंच."